हात खाली, मावशी!

रविवार, दिवेलागण

नवा फ्लॅश आज पडेगावच्या स्टुडिओत पहिल्यांदा लावला. एवढासा, टिफिनच्या डब्याएवढा, पण उजेड काय लख्ख! देवगावहून मावशी आलेली. तिचा एकटीचा एकही फोटो नाही, म्हणून तिलाच बसवलं. पण फ्लॅश उडाला रे उडाला की ती हात जोडायची, आणि पुढच्या फोटोत ते जोडलेलेच यायचे. मी वैतागलो. "मावशी, हात खाली!"

"दिवा लागला की हात जोडायचे असतेत, लेकरा."

एवढ्याशा डब्याला नमस्कार! लई हसलो. मग तोच फोटो ठेवला. किती गोड दिसतीय त्यात.

आत्ता लिहायला ट्यूब लावली, तर माझेच हात जुळले. किती वर्षांनी?