दाजींच्या नळ्यांतला जादा गॅस

महाळुंगे, कंपनीचं कॅन्टीन,
मंगळवार

तीर्थरूप उद्धवराव दाजींना सुजितचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही, शेडमधल्या धुळीत काम करायचं नाही असं सांगितलंय, ते पाळा. (फुकटात मिळालेला सल्ला तुम्ही पाळत नाही, पण याला पैसे मोजलेत म्हणून आठवण करून देतो.) फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. तर तुमचा फोन कुसुमताई उचलते आणि स्पीकरवर टाकते, आणि मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जाता कामा नये. नवनाथचा टेम्पो थेरगावला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

बातमी वाईट आहे. तुमच्या कागदी नळ्या नापास झाल्या. आधी पास झाल्या, मग नापास झाल्या, आणि का, ते मला कळेना. वितळलेलं लोखंड साच्यात जातं ते या नळ्यांतून, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कागद म्हटला की जळणार, जळला की गॅस सुटणार. थोडा सुटला तर चालतं, फार सुटला तर तो लोखंडात घुसतो आणि कास्टिंगला अनारशासारखी जाळी पडते. म्हणून नळीचा तुकडा भट्टीत तापवून किती गॅस सुटला ते मोजायचं, हे लॅबमधलं माझं काम. पहिल्या खेपेला तुमचा आकडा इतका कमी आला की लॅबच्या साहेब वर्षाली मॅडम यांनी मला स्वतःहून चहा पाजला. दुसऱ्या खेपेला सरळ दीडपट! तोच कागद, तीच शेड, तेच यंत्र, तोच मी.

आधी यंत्रावर संशय घेतला. सगळं खोललं, पुसलं, परत जोडलं. एक वॉशर उरला. (तो अजून माझ्या खिशात आहे आणि यंत्र पहिल्यापेक्षा बरं चालतंय, याचाही अर्थ मला लागलेला नाही.) मग वाटलं, नळ्या ओलसर असतील. म्हणून कॅन्टीनमध्ये वडे गरम ठेवायच्या कपाटात त्या तासभर ठेवल्या. वड्याचं तेल लागलं आणि आकडा आणखी चढला. मग आठवलं, ती खेप आली त्या दिवशी मी यंत्राला हार घालून नारळ फोडला होता आणि आपल्या माणसाचा माल म्हणून चार थेंब नळ्यांवरही शिंपडले होते. मॅडमना कबूल केलं. त्यांनी रजिस्टरमध्ये कारण म्हणून 'नारळपाणी' लिहिलं. मग त्याच खेपेतलं न फोडलेलं खोकं काढलं, त्याला देवाचं नावही ऐकू दिलं नाही. तरी दीडपट!

मॅडम म्हणाल्या, "सुजित, आता शुक्रवारी शेवटची टेस्ट. नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला." दाजी, ही ऑर्डर गेली तर शेडला कुलूप लावून बार्शीला परत जायचं, असं तुम्ही ठरवलंय. ताईनंच मला सांगितलं, रडत रडत.

काल शेवटी एक नळी ब्लेडनं उभी चिरली. पहिल्या खेपेच्या नळ्या तुमच्या हातच्या, त्यात दोन थरांमधली खळ शोधावी लागते. (राग मानू नका, काटकसर इथे गुणच ठरली.) या नळीत मात्र थराथरात खळ थापलेली. खळ म्हणजे पीठच, तेही जळतं, त्याचाही गॅस होतो. आणि तो हात मी ओळखला. आई गेल्यावर पोळीला दोन्ही बाजूंनी, कोपरापर्यंत ओघळेल इतकं तूप लावून ताईच मला वाढायची. तुम्ही दवाखान्यात, म्हणून ही खेप तिनं केली. भावाच्या कंपनीत माल जातोय म्हटल्यावर तिनं हात आखडला नाही. मी भट्टीसमोर उभा, हसावं की रडावं ते कळेना. तुझ्या मायेनंच नळ्या नापास केल्या, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

तब्येतीला जपा.

आपला,
सुजित

ता. क. खरी विनंती अशी, की गुरुवारपर्यंत सहा नळ्या करून पाठवा. ताई चिकटवेल, तुम्ही फक्त लांब खुर्ची टाकून बसा आणि खळीचं भांडं स्वतःच्या मांडीवर ठेवा. तिला सांगा, यंत्र बिघडलं होतं.

(पाकिटाच्या मागे) ता. क. पाकीट चिकटवल्यावर डोक्यात उजेड पडला. डोळ्याला ताण नको, म्हणजे हे पत्र दाजींना वाचून कोण दाखवणार? नवनाथ हॉर्न वाजवतोय, दुसरं लिहायला वेळ नाही. ताई, रडू नकोस. खळ कमी लाव. पोळीवरचं तूप आहे तेवढंच राहू दे.