अभेद्य भिंतीचा भाव

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांग. (त्यांचा गुडघा जिना चढताना वाजायचा, तो थांबला की दुसऱ्यानंही साथ धरली?) तुझं बीपी, तुझ्या कुंडीतलं लिंबाचं झाड आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे ही खुशाल आहे आणि आमची टिटवी तर फारच खुशाल आहे. माझ्या पोटात मात्र गेला महिनाभर एक गोळा होता. डॉक्टर म्हणाले गॅस, मी म्हणत होतो फुटबॉलचं कार्ड.

टिटवी आणि मी मिळून खेळाडूंची कार्डं जमवतो हे तुला ठाऊकच आहे. (तू एकदा त्यांना ‘पत्ते’ म्हणालीस, तर लेकीनं तुझ्याशी दिवसभर अबोला धरला होता.) शनिवारी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून एक पाकीट आणायचं, घरी येईपर्यंत फोडायचं नाही, असा आमचा शिरस्ता. काही वर्षांपूर्वी अशाच एका पाकिटातून एक गोलरक्षक निघाला. गडी उजवीकडे हवेत आडवा झालाय, चेंडू डावीकडून आरामात जाळ्यात चाललाय, आणि खाली सोनेरी अक्षरांत छापलंय ‘अभेद्य भिंत’! आम्ही दोघं पोट धरधरून हसलो होतो. पुढे कळलं की त्या गोलरक्षकानं तक्रार केली, कंपनीनं ते कार्ड मागे घेतलं, आणि आता ते दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नाही. टिटवीनं जाहीर केलं, “बाबा, हे विकायचं.” मी तिला तीनदा विचारलं आणि तिनं तीनदा तेच सांगितलं.

आता मी पडलो विमा कंपनीतला, तोही भरपाईच्या टेबलावरचा. कशाला आग लागते, कशात पाणी शिरतं, वाळवीला काय आवडतं, हे मी रोज सकाळी दहापासून वाचतो. कार्डाला किंमत आहे म्हटल्यावर माझी झोप उडाली. कपाटात ठेवलं तर दमट, शब्दकोशात ठेवलं तर शाई लागेल, फ्रिजवर ठेवलं तर ऊब. शेवटी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते मी बनियनच्या आत बाळगू लागलो. “कार्ड जपताय की अंडं उबवताय?” असं तुझी भावजय म्हणाली. (तिला चिंता करता येत नाही. तिच्या माहेरी कुणालाच येत नाही.)

तर आम्ही कार्डवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान एका जिन्याखाली, इतकं बुटकं की उभं राहिलं की डोकं ट्यूबलाइटला लागतं. त्यानं पांढरे हातमोजे चढवले, भिंग घेतलं, आणि मी श्वास रोखला. तो काही बोलायच्या आतच मला काय झालं कोण जाणे, मीच सुरू झालो. हा कोपरा जरा मऊ पडलाय बरं का, कड पिवळट वाटते, आणि इथे चहाचा डाग आहे. प्रत्येक वाक्यागणिक भाव खाली येत होता. टिटवीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. “बाबा, आपण विकायला आलोय की मोडीत घालायला?” (चहाचा डाग नव्हताच. माझ्याच बोटाची सावली होती.) कार्डवाल्याला दया आली असावी. तो म्हणाला, हेच कार्ड घेणारे एक गृहस्थ आहेत, घासाघीस करत नाहीत, रविवारी घरी पाठवतो.

रविवारी गृहस्थ आले. उंचेपुरे, दारातून वाकून आत शिरले, केस पिकलेले, बोलणं जेमतेम. मी पाणी द्यायला गेलो आणि ग्लास निसटला. गृहस्थ विजेसारखे झेपावले, उजवीकडे. ग्लास डावीकडे फुटला. टिटवीनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ताई, दिवाणखान्यात साक्षात अभेद्य भिंत बसली होती!

कार्डाचं काय करणार, असं टिटवीनं सरळ विचारलं. “फाडणार,” ते म्हणाले. मिळेल तितकी विकत घ्यायची आणि फाडायची, हाच त्यांचा इतक्या वर्षांचा उद्योग. मी टीपॉयवरचं कार्ड हळूच माझ्याकडे ओढलं. टिटवी मात्र शांतपणे म्हणाली, “ठेवणार असाल तर दुकानातला भाव. फाडणार असाल तर तिप्पट.”

“ते का?”

“एक कायमचं कमी होणार ना! त्याची भरपाई.” (भरपाई म्हणाली, ताई! माझंच रक्त.)

ते हसले नाहीत. एवढं काय आहे त्यात, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “मीपण गोलवर उभी असते. ज्या दिवशी गोल खाते त्या दिवशी जेवण जात नाही. मग आम्ही हे कार्ड काढून बघतो. मग जातं.”

गृहस्थांनी कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, “मी चेंडू मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघितलं होतं. पायाकडे बघायला हवं होतं.” आणि एकदम उठून त्यांनी टीपॉय सरकवला, सोफ्यावरची उशी चेंडू म्हणून घेतली, आणि नेमकं कुठे चुकलं ते तिला करून दाखवलं. दोघं तासभर जमिनीवर लोळत होती. (एक फुलदाणी गेली. त्यावर विमा नव्हता.) जाताना त्यांनी दुकानातला भाव दिला आणि फाडणार नाही असा शब्द दिला. कार्ड तसंच उघडं खिशात घातलं, म्हणून मी प्लास्टिकचं पाकीट घेऊन तीन मजले त्यांच्या मागे धावलो.

असो. व्यवहार झाला, आता मला कसलीही काळजी नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमच्या गल्लीमागच्या मैदानावर मुलींची फुटबॉल प्रशाला आहे ना, तिथे टिटवीची निवड झाली आहे. कार्ड फीसाठीच विकलं. राहायची सोय तिथे नाही. वर्षभर ती तुझ्याकडे राहिली तर चालेल का? खाते भरपूर, पण भांडी विसळते.

ता. क. २. सुरुवातीचे काही दिवस मीही येईन म्हणतो. मला खाट नको. दाराशी सतरंजी पुरेल.

ता. क. ३. आत्या, पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. त्यांना येऊ दे, पण आठच दिवस. ते माझ्या गोलमागे उभे राहून “सांभाळून!” असं ओरडतात, आणि समोरची टीमच सांभाळून खेळायला लागते. परत निघताना रडणार नाही असं त्यांनी आईपाशी कबूल केलंय. मी अजून काहीच कबूल केलेलं नाही.