सकाळी आठ : सर्व्हर चालू

सोमवार, ४
पुन्हा तेच! सकाळचे रक्ताचे तीन रिपोर्ट वॉर्डात दिसलेच नाहीत. मोठे डॉक्टर आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आले ते आग ओकतच. हॉस्पिटलचा सगळा डेटा ज्या सर्व्हरवर असतो, तो चालू आहे की नाही हे रोज आठला मी बघते. एक ओळ टाइप करायची, उत्तर आलं की वहीत लिहायचं — चालू. आजही लिहिलं होतं. वहीच आमच्या विभागाच्या साहेबांपुढे ठेवली.
साहेब म्हणाले, "मग लॅबवालीने भरलेच नसणार."
मला काय, माझी बाजू पक्की होती.

मंगळवार, ५
लॅबच्या ताई जिन्यात भेटल्या. "अगं, सात वाजता मी स्वतः भरले. 'पाठवत आहे' येतं आणि मग काहीच नाही. सर्व्हर एकदा नीट बघ ना."
"चालू आहे, ताई," म्हणाले आणि उतरून गेले. नवीन होते तेव्हा याच बाईने मला सांभाळून घेतलं होतं. काय हा माझा तोरा!

गुरुवार, ७
आणखी दोन रिपोर्ट गायब. ताईंना नोटीस. सोमवारी चौकशी, बहुतेक घरी बसवणार. पुरावा — माझी वही.

शुक्रवार, ८
जेवण अर्धं टाकून उठले. सासूबाई म्हणाल्या, "कामावरचं कामावर ठेवून येत जा गं."

शनिवार, ९
आज कळलं.
मला शिकवलेल्या ओळीत शेवटी सर्व्हरचं नाव होतं. ते मी कंटाळा करून गाळायचे. तरी उत्तर येत होतं ना! पण नाव दिलं नाही तर कॉम्प्युटर स्वतःलाच विचारतो — आणि माझ्या कॉम्प्युटरवर मी महिन्यापूर्वी सरावासाठी तसलाच छोटा सर्व्हर टाकून ठेवलाय. म्हणजे महिनाभर 'चालू' होता तो माझाच.
आज नाव घालून विचारलं. उत्तर नाही. परत. नाही. नऊनंतर विचारलं, तर चालू. रोज सकाळी बंद असतो आणि नऊला आपोआप उठतो की काय? ताई खरं बोलत होत्या.

रविवार, १०
नवरा म्हणतो, "तू बोलली नाहीस तर कळणार कुणाला?"
तेच तर. कुणालाच नाही. भीती वाटते, नोकरी माझीही जाईल. तरी कबुली लिहिली. चार ओळींना दुपार गेली.

सोमवार, ११
ऑफिसातच लिहितेय. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून खिशात टाकला. म्हणाले, "रात्री तो बंद पडतो, रोज नऊला मीच चालू करतो. दुरुस्ती मी लांबवली, हे वर कळायला नको. तू वहीत 'चालू' लिहीत राहा."
चौकशी अकराला. साडेदहा झालेत. नवा कागद घेतलाय. यात साहेबही आहेत.