गाडी कोण चालवत होतं

५ फेब्रुवारी १९७८, रविवार
डोळ्यांच्या डॉक्टरकडे दुसरी खेप. उजव्या डोळ्यात काचबिंदू. कडेचं जे दिसेनासं झालंय ते परत येणार नाही म्हणाले. आहे ते टिकवायचं, थेंब जन्मभर. "गाडी चालवता का?" हो म्हटलं. "बंद करा." कागदावरही तसं लिहून दिलं.
बाहेर आल्यावर शालन म्हणाली, "मग आता घरी कशी न्यायची?" नेली, अगदी हळू. नेहरूनगरच्या वळणावर उजवीकडून म्हैस आली ती मला दिसलीच नाही. शालन ओरडली म्हणून थांबलो. 
विकायची. नऊ वर्षं झाली. कॉलनीतल्या निम्म्या बायका बाळंतपणाला हिच्यातूनच गेल्यात.
कंपनीत डोळ्याचं बोलायचं नाही. टूलरूमचा फोरमन आणि डोळा अधू, हे जमायचं नाही.

७ फेब्रु., मंगळ.
कँटीनच्या बोर्डावर चिठ्ठी लावली. 'चारचाकी विकणे आहे. इंजिन उत्तम. टॅक्स, विमा चालू.' दुपारपर्यंतसुद्धा राहिली नाही. ग्राइंडिंगचा निकम चिठ्ठी काढून हातातच घेऊन आला. "भाऊ, दुसऱ्याला बोलू नका. मी घेतो." सुटीला आळंदीची भाडी मारीन म्हणतो. म्हटलं, तसं चालत नाही, नंबर प्रायव्हेट आहे, पकडलं तर विमाही जाईल. हसला. पोरगा वाईट नाही. तीन मुली आहेत, हाताला काम चांगलं आहे.
का विकता विचारलं. त्याला एकट्याला डोळ्याचं सांगितलं. घेणाऱ्याला खरं कारण कळावं, नाहीतर त्याला वाटायचं गाडीतच खोट आहे.
गुरुवारी सुटी. ट्रायलला येतो म्हणाला.

९ फेब्रु., गुरु.
तीनदा साबण लावला. हाताचा रॉकेलचा वास जात नाही. उद्या लिहीन.

१० फेब्रु., शुक्र.
रजा टाकली. झालं तसं लिहून ठेवतो. पुढे डोक्यात उलटसुलट होईल.
काल अकराला निकम आला. चालवून मी दाखवायची, पण ते तर शक्य नव्हतं. विचारलं, "लायसन आहे ना?" "आहे की भाऊ. चुलत्याच्या ट्रकवर शिकलोय मी." दाखव म्हणालो नाही. माझ्या खात्यात कोणी गेज न लावता जॉब पास करा म्हणाला तर मी जॉब परत पाठवतो. काल मात्र किल्ली दिली आणि डावीकडे जाऊन बसलो.
भोसरीच्या रस्त्याला लागलो. गिअर बदलताना तो खाली बघायला लागला. "समोर बघ" म्हटलं. समोर सायकलवाला, कॅरियरला डबा. मला स्वच्छ दिसत होता. निकमचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडे गेला. माणूस बॉनेटवर आला आणि तिथून रस्त्यावर.
धावलो. तिशीचा असेल. डोकं मांडीवर घेतलं. शुद्धीवर होता. "डबा बघा, डबा," हेच म्हणत होता. रॉकेल रस्ताभर. लोक जमले, पण पेट घेईल म्हणून सगळे लांब. हात लावायला कोणी पुढे येईना. निकम पानटपरीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलेला. शेवटी एक टेंपोवाला थांबला. उचलून आत ठेवताना निकम कानाशी आला. "भाऊ, माझं शिकाऊ होतं. तेही दिवाळीतच संपलं."
मग हवालदार. "गाडी कोणाची?" माझी. "लायसन?" दिलं. आर.सी. बुक, विम्याचा कागद, सगळं दिलं. त्याने मान खाली घालून लिहून काढलं आणि चौकीत वाचून दाखवलं. 'मी सदर गाडी चालवीत असता.' निकम बाकावर माझ्या शेजारीच. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.
सही केली.
तेव्हा असं वाटलं की माणूस बोलतोय, मांडीचं हाड मोडलंय, बरा होईल. विमा कंपनी भरपाई देईल. निकमचं नाव घातलं तर विनापरवाना, मग त्या माणसाला काहीच मिळणार नाही. एका ओळीचं खोटं. त्यात तिघांचं भागेल.

१३ फेब्रु., सोम.
गेला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात, पहाटे. पोटातून रक्त जात होतं म्हणे, वरून दिसलंच नाही.
किसन ढगे. बीडकडचा. फाउंड्रीत बदली कामगार. बायको कौसाबाई, मुलगी तीन वर्षांची.

१४ फेब्रु., मंगळ.
निकम घरी आला. आल्या आल्या पायावर डोकं. "भाऊ, माझी नोकरी जाईल, तीन पोरींना घेऊन कुठं जाऊ? तुमचं लायसन आहे, विमा आहे, तुम्हाला दंडावर सोडतील." शालन आतून बाहेर आली नाही. चहा केला नाही. तो गेल्यावर म्हणाली, "तुम्ही कोणाला वाचवताय? ह्याला, की त्या बाईला?" दोघांना, म्हटलं. "आणि तुम्हाला कोण वाचवणार?"
अटक झाली, जामीन झाला. कंपनीत सगळ्यांना कळलंय. बोलतात नीट, पण माझ्यासमोर विषय बदलतात.

६ मार्च, सोम.
विमा कंपनीचा माणूस. सभ्य, पांढरा शर्ट, चामडी पिशवी. सतरंजीवरच बसतो म्हणाला. दोन तास होता.
"चालवत कोण होतं?" मी.
"शेजारी कोण?" खात्यातला एक जण.
"गाडी विकायला काढली होती म्हणे. ट्रायल होती का?" नाही, सहज निघालो होतो.
"का विकताय?" गरज राहिली नाही.
एक खोटं बोललो तेव्हा वाटलं होतं एकच आहे. आज एका बैठकीत तीन झाली. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "काका, ट्रायलला येणाऱ्याचं लायसन आधी हातात घेऊन बघायचं असतं. लोक भिडेपोटी बघत नाहीत, आणि मग आम्हाला यावं लागतं." माझ्याकडे न बघता चपला घातल्या. त्याला संशय आहे.
शालनने डॉक्टरचा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. काढून चुलीत घातला. तिने नाही, मी.

१८ जून, रविवार
बुद्धविहारातून परत येताना पाय आपोआप भोसरीकडे वळले. चाळ सापडली. कौसाबाई दारात भांडी घासत होती. लहान चणीची, पंचविशीच्या आतली. मुलगी पाण्यात हात बुडवून बसलेली. मी पलीकडच्या दुकानातून गुळाचा खडा घेतला आणि उगाच उभा राहिलो. तिने मला ओळखलं नाही. कसं ओळखणार. शेजारीण सांगत होती, आता पॅकिंगच्या शेडमध्ये जाते, दीर गावाकडे चल म्हणतो, ही जात नाही. क्लेम कोर्टात तिचा अर्ज आहे, त्यावर बसलीय.
गूळ खिशातच विरघळला.

२१ सप्टें., गुरु.
काल मॅनेजरसाहेबांनी बोलावलं होतं. "वाघमारे, डोळ्याचं काय ऐकतो मी?" काय ऐकलंत, म्हटलं. "हेच, की तुम्हाला दिसत नव्हतं तरी तुम्ही गाडी काढली." आता टूलरूम नाही, स्टोअर. सव्वीस वर्षं त्या खात्यात काढली. निघताना व्हर्नियर ड्रॉवरमध्ये ठेवला, चावी दिली.
डोळ्याचं कंपनीत एकाच माणसाला माहीत होतं.
आज त्याच्या घरी गेलो. निकमच्या धाकट्या पोरीने दार उघडलं, "बाबा, भाऊकाका आले." तो बाहेर आला, मला जिन्याखाली घेऊन गेला. "लोक विचारतात भाऊ, गाडीत तू होतास ना, मग कसं झालं. काहीतरी सांगावंच लागतं."
"म्हणून हे सांगितलंस?"
"खोटं सांगितलं का मी? डोळा अधू आहेच की."
मारावंसं वाटलं. मारलं नाही. त्याच्या बोटांना काळं तेल लागलेलं होतं, तो ते सारखं विजारीला पुसत होता. घाबरलेला माणूस किती हलका होतो. मीच त्याला तसा केला, तो चौकीत गप्प बसला तेव्हा त्याच्या जागी बोलून.

१६ नोव्हें., गुरु.
विमा कंपनीचं पत्र. डोळ्यांच्या तपासणीला हजर राहा. बातमी तिथवर पोचली.
वकिलांकडे गेलो. म्हणाले, "लायसन चालू होतं, भांडता येईल. बाईला मिळेलही, नाहीही. पण फौजदारीत तुमचं अवघड. अधू डोळ्याने गाडी चालवून माणूस मारला म्हटल्यावर नुसता दंड करून सोडणार नाहीत."
विचारलं, "आणि चालवत दुसराच होता असं निघालं तर?"
त्यांनी पेन खाली ठेवलं. "दुसऱ्याकडे परवाना असला तर काही नाही. मालकाच्या परवानगीने चालवत होता, विमा लागू. परवाना नसला तर विमा कंपनी मोकळी. बाईला मग तुमच्याकडून वसूल करावं लागेल, आणि तुमच्याकडे आहे काय? शिवाय आधीचा जबाब खोटा ठरला, त्याचं वेगळं." मग हळूच म्हणाले, "मी हे ऐकलेलं नाही."
चालत घरी आलो. बस समोर उभी होती, चढलो नाही.

३ डिसें., रवि.
गाडी चौकीच्या आवारातून सोडवून आणली तेव्हापासून दारात आहे. तोंडाशी चेपलेली. भंगारवाला येऊन बघून गेला. शालन म्हणते द्या एकदाची. वकील म्हणतात निकाल लागेपर्यंत हात लावू नका.
शालन आणि मी हल्ली कमी बोलतो. आज जेवताना मात्र म्हणाली, "अहो, तुम्ही सगळ्यांचं ठरवून टाकलंत. त्या बाईला एकदा तरी विचारलं का, तिला काय पाहिजे?"

१८ जाने. १९७९, गुरु.
गेलो. क्लेम कोर्टाची तारीख मंगळवारची. त्याआधी जायलाच हवं होतं.
कौसाबाईला नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली. मग पोतं टाकलं, बसा म्हणाली. मुलगी बाजूला. सगळं सांगितलं. डोळा, ट्रायल, निकम, शिकाऊ लायसन, चौकीतली सही. विम्याचंही सांगितलं, खरं बोललो तर काय होईल आणि खोटंच ठेवलं तर काय होईल.
तिने मुलीला जवळ ओढलं. मग विचारलं, "त्ये शेवटी काय म्हनले व्हते?"
"डबा बघा म्हणत होते."
"तीन तास लायनीत हुबे व्हते त्याच्यासाठी."
मग पदराने मुलीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "दादा, कामून सांगितलं मला ह्ये? तुमचं हलकं झालं. आता म्या काय करू?"
मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं मी कोर्टात बोलेन.
तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "म्या न्हाई सांगनार. मानूस माझा व्हता. गाडी तुमची व्हती. तुमचं तुमी ठरवा."
निघताना पाणी दिलं. तेही प्यालो. शालनला फक्त एवढंच सांगितलं की जाऊन आलो. तिने भाकरी वाढली.

२३ जाने., मंगळ. पुणे, कोर्टाचा व्हरांडा
पेन्सिलने लिहितोय. वेळ जात नाही. शालन शेजारी, डबा मांडीवर, उघडलेला नाही.
निकमला साक्षीचं समन्स होतं, आलेला नाही. सकाळी कंपनीत गेला म्हणे, पहिल्या पाळीला.
वकील येऊन सांगून गेले, "एकच प्रश्न महत्त्वाचा. गाडी कोण चालवत होतं. जबाबात आहे तसंच उत्तर द्या, एक शब्द जास्त नको." पलीकडे विमा कंपनीचा तो पांढऱ्या शर्टातला. मला नमस्कार केला. मीही केला.
कौसाबाई दिराबरोबर आली. नवं लुगडं, कोणाचं तरी मागून नेसलेलं असावं, पायात लोळतंय. खांबाला टेकून बसली. दीर काहीतरी सांगतोय, किती मिळतील बहुधा, हाताने दाखवतोय. ती ऐकत नाही. मघाशी एकदा माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. खुणावलंही नाही. खात्यात मोजमाप चालू असताना पोरं माझ्या तोंडाकडे बघायची, तसं काहीसं.
शालन म्हणाली, "काय ठरवलंत?"
मी म्हटलं, अजून आत गेलो नाही.
आमच्या आधीचा नंबर संपला. माणसं बाहेर येतायत. पट्टेवाला कागद बघतोय. नाव वाचताना अडखळला, ढगे की ढगें. दिराने हात वर केला. कौसाबाई उठली, मुलीला कडेवर घेतलं.
आता माझंही घेईल. वही मिटतो.