हरणाच्या गोळ्या आणि म्हशीची कास

मळा, आष्टा
१२ जानेवारी १९७६

रा. रा. दाजी हंबीरराव यांस,

आप्पासोचा दंडवत. तुमच्या छावणीत थंडी फार असेल, कानाला मफलर बांधत जा. आक्काची तब्येत बरी असावी. इकडं सगळं क्षेम लिहायची पद्धत आहे म्हणून तसं लिहितो. खरं काय ते पुढं आहे, बसून वाचा. तुमची लेक हरणा आज बरी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आक्काला क्वार्टरवर नेताना तुम्ही पाच वर्षांची हरणा माझ्या हवाली केलीत. महिन्याभरापूर्वी ती लघवीला बसली की रडायला लागली. आम्ही ठरवलं, उष्णता. (आमच्या घरात दात दुखला तरी उष्णताच असते.) आमच्या कारभारणीनं, रंगूबाईनं, जिरं-खडीसाखरेचं पाणी पाजलं, मी गुऱ्हाळावर जायला बंदी केली. पोरगी तापानं फणफणली तेव्हा दवाखाना आठवला. डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली, जंतू निघाले. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, बरं वाटलं तरी एकही चुकवायची नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी कुणाला हार जात नाही.

तिसऱ्या दिवशी ताप गेला, पोरगी शेळीमागं उड्या मारायला लागली. धडधाकट लेकराच्या पोटात औषध कशाला, असं माझ्या शहाणपणाला वाटलं. त्यात म्हशीची कास सुजलेली. जंतू म्हणजे जंतू, पोरीचे काय नि म्हशीचे काय! उरलेल्या सगळ्या गोळ्या भाकरीत घालून म्हशीला चारल्या. (रंगूबाईला पत्ता नाही. म्हशीला गुण नाही.) दाजी, पुढच्या आठवड्यात हरणाला पुन्हा थंडी वाजून ताप आला. डॉक्टर म्हणाले, औषध अर्ध्यात सोडलं की जंतू पुन्हा उठतात. मूत्रपिंडाला धक्का बसला तर पोरीला जन्मभर भोगावं लागेल. इंजेक्शनं, गोळ्या नव्यानं सुरू झाल्या. मी तिथंच हात जोडून सगळा गुन्हा कबूल केला आणि डॉक्टरांनी मला यथेच्छ झापलं.

आता ताप नाही. गोळ्या मीच वेळ बघून देतो. औषध संपलं की सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडं तपासायला न्यायचं आहे.

आपला,
आप्पासो

ता. क. : गुन्हा कबूल केल्याचं वाक्य खोडून वाचावं. डॉक्टरांनी ‘गोळ्या संपवल्या का?’ विचारलं तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. म्हशीला गोळ्या चारताना हरणानं मला बघितलं होतं. ती डॉक्टरांना म्हणाली, “मीच थुकून टाकल्या. मामाला ठावं न्हाई.” डॉक्टर तिच्यावर ओरडले आणि मी कॅलेंडरच बघत राहिलो. मला माझीच लाज वाटते, दाजी.

आणखी ता. क. : खरं काम हे. सांगलीच्या डॉक्टरांना मी माझ्या तोंडानं सांगेन, शपथ. पण रंगूबाईपुढं धीर होत नाही. तुम्ही मला फौजेतल्या येतील तेवढ्या शिव्या घालून एक पत्र लिहा, आणि ते रंगूबाईच्याच नावानं टाका. तिला वाचता येत नाही. शाळेचे मास्तर ते अंगणात सगळ्यांसमोर वाचतील. हरणाची चूक नव्हती, ही ओळ मात्र पहिली घाला. मी तिला तसं सांगायला गेलो की ती माझ्या तोंडावर हात ठेवते नि म्हणते, “गप मामा, मामी ऐकंल.”