सुकन्या डाइव्ह मारत नाही

रविवार, ४ मे २०१४
मैदानावरून आत्ताच आलो. डोकं फिरलंय. बायको इथे जर्मनीत हौशी बेसबॉल क्लबात सेकंड बेसवर खेळते, हे ऑफिसात मी अभिमानाने सांगतो. आणि आज? बॉल तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला. सुकन्याने दोन पावलं टाकली आणि त्याला वाट करून दिली. तिथे अंग झोकून द्यायचं असतं. कंपनीने डेट्रॉइटला पाठवलं होतं तेव्हा मी स्टेडियममध्ये बसून पाहिलंय. मॅच हातातून गेली तरी चाळिशीचे खेळाडू मातीत तोंड घालतात.
गाडीत तिला शांतपणे समजावलं. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने काच वर का घेतली, कळलं नाही.
ठराव: यापुढे कुंपणाशी उभा राहीन, पण तोंड उघडणार नाही.

रविवार, १८ मे
तोंड उघडलं. इलाज नव्हता. सुकन्याच्या टीममधल्या टोबियासने बॉल मारला, तो जवळच पडला, तर हा गडी बेसकडे चालत निघाला. बेकरीत पाव आणायला निघाल्यासारखा. मी फक्त "लाउफ" म्हणालो. धाव. बऱ्याचदा म्हणालो. त्यावर अंपायरने मॅच थांबवली, ह्यात माझा काय दोष?
आमची लेक ऊर्जा उठून पार पलीकडे जाऊन बसली. का गं, विचारलं तर म्हणाली, "पाइनलिश." पोरीला लाज वाटली. साहजिक आहे, टोबियास खेळतोच तसा.

शनिवार, ७ जून
बागेत ट्रेनिंग. जुनी गादी टाकली, टेनिस बॉल आणले. सुकन्या म्हणाली, प्रताप, आठवडाभर मी लॅबमध्ये उभी असते, रविवारी मला मजा करायची असते. मजा म्हणे. ह्या एका शब्दाने टीमची वाट लावली आहे.
शेवटी मीच डाइव्ह करून दाखवली. टेक्निक परफेक्ट. गवत ओलं होतं आणि गादी सरकली, ती गोष्ट वेगळी. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ शोल्त्स खिडकीतून म्हणाल्या, दुपारी रूहेत्साइट असते, शांतता पाळा. मी ओरडत नव्हतो, कण्हत होतो. ह्या देशात माणसाने कण्हायचंही वेळ बघून.

रविवार, २२ जून
कोच युर्गन स्वतः घरी आला. कदर आहे म्हणायची. घरच्या मॅचला ग्रिल सांभाळायची जबाबदारी माझ्यावर टाकली. तिथे अनुभवी माणूसच हवा, म्हणाला. ग्रिल क्लबहाउसच्या मागे असते, तिथून मैदान दिसत नाही. ही व्यवस्थेतली चूक आहे, सुधारून घेईन. त्याला कॉफी देताना सुकन्या दोनदा डांके म्हणाली. एवढे आभार कशाला?

रविवार, १३ जुलै
संध्याकाळी फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, म्हणून अर्धी टीम गालावर झेंडे रंगवून आलेली. लक्ष कुणाचंच नाही. अशांकडून कसली अपेक्षा करायची? मी चिडून ग्रिलवर वुर्स्ट सॉसेज उलटत होतो. पलीकडून एकदम ओरडा झाला. मग सगळं गप्प. मग टाळ्या, थांबेचनात.
हातातल्या चिमट्यासकट तसाच धावलो. सुकन्या गवतात आडवी, ग्लोव्हमध्ये बॉल, उजवं मनगट भलत्याच कोनात. टोबियास तिच्याजवळ गुडघ्यांवर बसून रडत होता.
हॉस्पिटलात एक्स-रेची वाट बघताना ती म्हणाली, मी डोळे मिटले होते रे. कशी घेतली मी कॅच, सांग ना. तू छान सांगतोस.
मी सांगितलं. उजवीकडे झेपावलीस, हवेत आडवी, पूर्ण लांब झालीस. डेट्रॉइटला शोभेल अशी.
ऊर्जा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "पापा वार बाइम ग्रिल." बाबा ग्रिलपाशी होता.
सुकन्याने माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं. मग तिने ऊर्जाला म्हटलं, तू सांग.

सोमवार, १४ जुलै
सुट्टी घेतली. ऑफिसात आज नाहीतरी फुटबॉलशिवाय काही बोलणार नाहीत.
काल ऊर्जाने सगळं सांगितलं, जर्मनमध्ये, खुर्चीवरून उठून, हात डावीकडे ताणून. डावीकडे. प्लास्टरवाला डॉक्टरसुद्धा थांबून ऐकत होता. मला नीट ऐकू आलं नाही, इतका राग आला होता. सकाळी तिला म्हटलं, परत एकदा सांग. ती म्हणाली, आईला विचार.
राग नक्की कोणाचा आला होता, ते लिहीत बसत नाही. एका हाताने सुकन्याला वेणी घालता येत नाहीये. केव्हाची हाक मारतेय.