हेलियमची नळी

११ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. इकडे तसं ठीक आहे. आईला जाऊन महिना झाला. खोली आवरली, पण तिचं कपाट अजून उघडवत नाही. त्या दिवशी तू दारातूनच परतलास, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. वहिनीचे गुडघे कसे आहेत? प्रयोगशाळेत नवा पंप आलाय, जुन्यासारखा बोंबलत नाही.

परवा तुझ्या लेकीचा फोन होता. "काका, बाबा तिकडे नेमकं काय करायचे? शाळेत सांगायचंय." मी म्हणालो, किरणोत्सारी आयन सुसाट येतात, कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. त्यांना हेलियममधून न्यायचं. धडकत धडकत ते थंडावतात. मग एका जागी गोळा करायचे आणि अख्खा घोळका एकदम पुढे सोडायचा, मोजणाऱ्यांकडे. तेही झटपट, कारण त्यांचं आयुष्यच सेकंदभराचं. ते हेलियम तुझे बाबा सांभाळायचे.

"मग बाबांचं चुकलं काय?"

पोरगी थेट तुझ्यावर गेलीय. "नळीत हवा राहिली होती," एवढंच म्हणालो. कुणामुळे, ते गिळलं.

दादा, आता आडपडदा नको. तू जेवायला गेला होतास तेव्हा हेलियमचा सिलिंडर मी बदलला. आतली हवा ओढून काढायला नळी तासभर पंपावर ठेवायची, ते मी पाच मिनिटांत उरकलं. त्या हवेत आयन वाटेतच नासले, चार दिवसांचा बीम, आयनांचा अख्खा झोत, पाण्यात गेला. नोंदवहीत पाळी तुझी होती. साहेब तुला सगळ्यांसमोर फाडून खात होते तेव्हा तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी मूग गिळून बसलो. तू नोकरी सोडलीस, मग घरी येणंही.

काल साहेबांना सगळं लेखी दिलंय. माझं व्हायचं ते होवो. त्यानं तुझी तीन वर्षं परत येत नाहीत, ठाऊक आहे. फार लाज वाटते रे.

पण खरं जे लिहायला बसलो ते अजून राहिलंय. आई शेवटपर्यंत तुलाच निष्काळजी समजत होती. जायच्या आदल्या दुपारी माझा हात धरून म्हणाली, "मोठ्याला सांभाळ रे. त्याचं कशात लक्ष नसतं. तू आहेस म्हणून बरं."

मी "हो आई" म्हणालो.

तुझा म्हणून सही करायला हात धजत नाही, तरी तुझाच,
धाकटा